फळ्यावरचा चोर

चूक दाखवली की माणसाचा चेहरा पडतो. आमच्या ताईंचा उजळतो. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात ताईंनी कुणाला तरी पाठवायच्या पार्सलवर घाईघाईत आपल्याच घराचा पत्ता लिहिला होता. मी नवी सून, त्या मोठ्या नणंद. सांगावं कसं म्हणून दोनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी चाचरत सांगितलं, तर त्या चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी पहिल्या नंबराने पास झाले होते.

"ओळखलंस कसं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पत्ता वाचला.

"वाचलास ना. लोक नुसता बघतात."

ताई दुसरीच्या वर्गाला शिकवतात. किती वर्षं झाली असं कुणी विचारलं तर म्हणतात, माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीची मुलगी आता माझ्या वर्गात आहे, तुम्हीच काय तो अंदाज करा. ताई आणि त्यांचे यजमान वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. सासूबाई जेवायला खाली आणि झोपायला वर, त्यामुळे दोन्ही घरांतली कुठलीच बातमी त्यांच्या हातून सुटत नाही.

ताईंच्या वर्गाची मला चांगली ओळख आहे, कारण दर सोमवारी मी तिथे मुलांचं वाचन ऐकायला जाते. हीसुद्धा ताईंचीच कल्पना. तू भाजी निवडताना रेडिओ ऐकतेस, त्याऐवजी माझी पोरं ऐक, असं त्यांनी एकदा सुनावलं आणि मी गेले. वर्ग तळमजल्यावर कोपऱ्यात आहे. दाराशी बुटांचं कपाट, खिडकीखाली कुंड्या, मागच्या भिंतीला लागून एक ठेंगणं बाक. त्या बाकावर मी बसते आणि एकेक मूल पुस्तक घेऊन शेजारी येतं. शब्दाखालून बोट सरकत असतं, अडलं की बोट थांबतं आणि डोळे माझ्याकडे वळतात. सांगायचं नाही, ही ताईंची ताकीद. मी थांबायचं. थांबणं किती अवघड असतं ते मला त्या बाकावर कळलं.

बाकी वेळ मी ताईंना न्याहाळते. सकाळी कुणी रडत आलं तर त्या समजूत घालत बसत नाहीत. वर्गातल्या बोथट पेन्सिलींचा डबा त्याच्यासमोर ठेवतात आणि सगळ्यांना टोक काढून दे म्हणतात. टोक मोडू नये म्हणून जीव लावून काम करावं लागतं, आणि जीव तिकडे लागला की रडण्याला उरत नाही. दोघांची मारामारी झाली तर दोघांनी मिळून एक बादली उचलायची आणि कुंड्यांना पाणी घालून यायचं. वाटेत पुन्हा भांडलात तर पाणी तुमच्याच पायांवर. बहुतेक वेळा दोघंही ओल्या मोज्यांनी पण हसत परत येतात. शाळेतल्या एक-दोन तरुण शिक्षिका म्हणतात, तुमच्या वर्गात फार आवाज असतो. ताई म्हणतात, गुणगुण आहे ती. गोंगाट झाला की मला कळतं, आधी मला त्रास होतो.

पण ताईंचा वर्ग ओळखला जातो तो चोरामुळे.

रोज सकाळी फळ्यावर ताई बरंच काही लिहून ठेवतात. वार, तारीख, चार-पाच गणितं, एखादं चित्र, प्राण्यांविषयी काही वाक्यं. त्यात एक गोष्ट मुद्दाम चुकीची असते. तो चोर. ज्याला तो दिसेल त्याने ओरडायचं नाही, डोक्यावर हात ठेवून गप्प बसायचं. ताई ज्याचं नाव घेतील त्याने उभं राहून चोर दाखवायचा, आणि नुसता दाखवून भागत नाही, ओळखला कसा तेही सांगायचं. कारण देता आलं नाही तर चोर सुटला, पुढच्याची पाळी. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा अख्खा वर्ग डोक्याला हात लावून बसला होता, आणि मला वाटलं, ताईंनी काय कर्म केलं कोण जाणे.

हे सगळं सुरू झालं त्यालाही एक कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ताईंनी एकदा फळ्यावर आठ आणि सात सोळा असं लिहिलं. सगळ्या मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं. त्यांतल्या निम्म्यांना बेरीज येत होती. वह्या तपासताना ताईंना ते दिसलं. आपण चुकलो याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, पण मुलं आपल्या डोळ्यांपेक्षा खडूवर जास्त विश्वास ठेवतात याने त्या हबकल्या. दुसऱ्या दिवसापासून चोर आला.

मुलांना चोर इतका प्रिय, की घरी गेल्यावर दप्तर टाकायच्या आधी तीच बातमी. बाई आज पण चुकल्या. मी पकडलं. वर्षाच्या सुरुवातीला ताई पालकांना हे समजावून सांगतात, पण त्या सभेला निम्मे पालक येत नाहीत आणि आलेल्यांतले निम्मे विसरतात. घरोघरी एवढंच पोचतं की बाई रोज चुकतात. काही आया हसून सोडून देतात. काहींच्या मनात, बाईंचं वय झालं की काय, असं येऊन जातं.

ज्या दिवशी हे प्रकरण अंगाशी आलं, त्या दिवशीचा चोर होता कोळ्याचे पाय. कोळ्याला सहा पाय असतात असं ताईंनी लिहिलं होतं, आणि हजेरी व्हायच्या आतच एका मुलीने ते पकडलं. या मुलीला ताई वकीलीणबाई म्हणतात, कारण ती कुठल्याही गोष्टीवर पुरावा मागते. तिने कोळ्याचे आठ पाय पुस्तकातल्या चित्रात बोटाने मोजून दाखवले, टाळ्या झाल्या आणि दिवस पुढे सरकला.

दुपारच्या सुट्टीआधी ताई घड्याळ शिकवायला लागल्या. फळ्यावर मोठा गोल काढला, आकडे घातले. आधी तीन वाजलेले दाखवायचे आणि मग काटे सरकवून साडेतीन, असं त्यांच्या मनात होतं. लहान काटा तीनवर काढला आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलाचा दात पडला. दात पडणं ही दुसरीच्या वर्गात किती मोठी घटना असते, ते घरात लहान मूल असलेल्यांनाच कळेल. सगळा वर्ग गोळा झाला. रक्त किती आलं, दात कुठे ठेवायचा, माझा पण हलतोय, बघा ना बाई. दात कागदात बांधून झाला, तोंड धुऊन झालं, सगळे जागेवर गेले आणि ताई फळ्याकडे वळल्या. मोठा काटा सहावर काढला, खाली साडेतीन असं लिहिलं आणि मुलांना उतरवायला सांगितलं.

लहान काटा होता तिथेच राहिला. बरोबर तीनवर. साडेतीनला तो तीन आणि चारच्या मध्ये हवा. ताईंच्या लक्षात आलं नाही आणि वर्गातल्या एकाही मुलाने डोक्यावर हात ठेवला नाही.

नेमके त्याच वेळी वकीलीणबाईचे बाबा दारात उभे होते. मुलगी पाण्याची बाटली घरी विसरली होती, ती द्यायला कामावरून मधेच आले होते. आमच्या घरात त्यानंतर त्यांचं नाव बाटलीवाले पडलं. पाहुण्यांसमोर सासूबाईंनी एकदा ते नाव घेतलं, तेव्हा बाटली पाण्याची होती हे मला मुद्दाम सांगावं लागलं. हे गृहस्थ एका कारखान्यात तयार माल तपासून पास करायच्या खात्यात आहेत. दिवसभर दोष शोधायचे हेच काम. त्यांची नजर फळ्यावर गेली आणि काट्यावर थांबली. त्यांनी बाटली दिली, फोन काढला, फळ्याचा फोटो घेतला आणि कुणाला काही न बोलता निघून गेले.

संध्याकाळपर्यंत फोटो पालकांच्या ग्रुपवर. खाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं, साडेतीन असे वाजतात का? त्यांच्यानंतर सगळे बोलायला लागले. एकीने लिहिलं, आमचा मुलगा तर रोज सांगतो बाई चुकल्या म्हणून, आम्हाला वाटलं गंमत करतो. दुसऱ्याने लिहिलं, मुद्दाम चुकीचं शिकवतात असं ऐकलंय. तिसऱ्याने दोन्ही जोडून टाकलं, आता मुद्दाम कुठलं आणि खरं कुठलं हे बाईंनाच कळत नसेल. रात्रीच्या जेवणाआधी मागणी तयार झाली होती. ताईंकडून दुसरीचा वर्ग काढून घ्या. ग्रंथालय द्या, नाहीतर सामानाची खोली सांभाळायला द्या. मान राखून, पण वर्ग नको.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, हिला लहानपणी घड्याळ शिकवता शिकवता मी टेकीला आले होते, तेव्हाच मला वाटलं होतं ही कुठेतरी घोटाळा करणार. ताई हसल्या. पण त्या हसण्यात नेहमीचा जोर नव्हता. जिन्याच्या पायरीवर बसून त्या फोटो मोठा करकरून बघत होत्या.

मी म्हटलं, एवढं काय, सांगून टाका तो चोर होता.

"मुख्याध्यापक पण हेच म्हणाले," ताई म्हणाल्या.

मुख्याध्यापक म्हणजे सर. वयाने ताईंपेक्षा लहान, टापटिपीचे, भांडणाला घाबरणारे पण मनाने सरळ. त्यांनी नुकताच फोन केला होता. पालकसभा शनिवारी ठेवतो, त्यात तुम्ही म्हणायचं की तो त्या दिवशीचा मुद्दाम केलेला दोष होता, मी माझ्या बाजूने दुजोरा देतो, विषय मिटला. ते म्हणत होते ते खोटंही वाटलं नसतं. ताईंचा चोर सगळ्या शाळेला ठाऊक.

"त्या दिवशीचा चोर सकाळीच पकडला होता," ताई म्हणाल्या. "कोळ्याचे पाय. आता घड्याळ चोर होतं असं मी म्हटलं तर पालकांना पटेल. सरांना पटेल. फक्त माझ्या वर्गातल्या मुलांना कळेल की बाई खोटं बोलतात."

"मुलांना कोण विचारतंय," मी म्हटलं.

"अगं, मुलांना विचारत नाहीत म्हणून तर मी तिथे आहे."

 मग त्या आपणहून पुढे बोलल्या. घड्याळाचं दुःख नाही, उद्या पुसून नीट काढीन. दुसरंच काहीतरी टोचतंय. एवढी तयार पोरं, रोज चोर पकडतात, मग काटा कुणालाच का दिसला नाही? वकीलीणबाईसुद्धा कशी चुकली?

वर्ग गेला तर काय, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. सुट्टीच्या दिवशी सकाळी ताईंना काय करावं ते सुचत नाही आणि त्या आमच्या कपाटातले कप रंगांप्रमाणे लावून ठेवतात. सामानाच्या खोलीत हे बाईमाणूस काय करणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सर्वांत आधी मुलांना सांगितलं. जुनं घड्याळ पुन्हा तसंच फळ्यावर काढलं आणि म्हणाल्या, हे काल मी काढलं होतं, यात एक चूक आहे, आणि हा चोर नाही. ही माझी चूक आहे, मला माहीतच नव्हती. ताईंनी नंतर सांगितलं, आधी सगळ्यांनी माना उंचावून फळा पुन्हा बघितला. मग चार-पाच हात डोक्यावर गेले. काटा कुठे हवा ते त्यांनी बरोबर दाखवलं, का हवा तेही सांगितलं. अर्धा तास संपला म्हणजे लहान काट्याने पण अर्धं अंतर चाललं पाहिजे, तो काय बसून राहील?

मग काल का नाही दिसलं, असं ताईंनी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, दात पडला ना बाई. वकीलीणबाई नाराज होऊन बसली होती. कालचा चोर तिनेच पकडला होता आणि हा निसटलेला तिला सहन होत नव्हता.

शनिवारी मला पण बोलावलं होतं. आठवड्यातून एकदा वर्गात बसणारं बाहेरचं माणूस मीच, तेव्हा काय बघितलं ते सांगा, असं सरांचं म्हणणं. सभा वरच्या मजल्यावर होती. चहा होता, बिस्किटं होती, आणि चहा घेताना कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. आदल्या दिवशी ताईंना मी एक युक्ती सुचवली होती. सगळ्या पालकांना एकेक कागद द्या आणि साडेतीनचं घड्याळ काढायला सांगा. निम्म्यांचे काटे चुकतील, आपोआप गप्प बसतील. ताईंनी माझ्याकडे, चोर पकडताना कारण न सांगणाऱ्या मुलाकडे बघतात तसं बघितलं. चारचौघांत चुकलेला माणूस आपला होत नाही, त्या म्हणाल्या, आणि मला त्यांची मुलं रोज हवीत.

सरांनी प्रस्तावना केली. मुद्दाम केलेल्या चुकीची पद्धत, तिचा हेतू, वगैरे. ते त्या वळणावर आलेच होते, जिथे ताईंनी फक्त मान डोलवायची होती. ताई उठून उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, सर माझी बाजू सांभाळतायत, त्यांचे आभार, पण ते घड्याळ चोर नव्हतं. चोर कोळी होता, तो सकाळीच सापडला. घड्याळ मी चुकवलं, अनवधानाने. एकाचा दात पडला, माझं लक्ष तिकडे गेलं, काटा सरकवायचा राहिला. मुलांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं आहे, तुम्ही घरी विचारा. सरांनी डोळे मिटून घेतले. मागच्या ओळीत कुजबुज झाली.

बाटलीवाले उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. माझी मुलगी हुशार आहे, असं त्यांनी सुरुवात केली. ती माझ्यावर नाही ठेवत तेवढा विश्वास बाईंवर ठेवते. मग बाई मुद्दाम चुकतात आणि चुकूनही चुकतात, तर तिने काय समजायचं? आमच्या कारखान्यात एक खराब नग बाहेर गेला तर मला जाब द्यावा लागतो.

ताई म्हणाल्या, बरोबर आहे. जाब द्यायलाच उभी आहे. पण मला दुसरंच एक कोडं पडलंय, आणि तुम्ही तपासणीच्या कामातले आहात म्हणून तुम्हालाच विचारते. रोज चूक शोधायची सवय असलेली एवढी मुलं. काटा त्यांच्यासमोर दुपारभर होता. एकालाही का दिसला नसेल?

बाटलीवाल्यांना भांडण अपेक्षित होतं, प्रश्न नव्हे. आणि मग, कामाचं विचारलं की माणूस कसा खुलतो, तसं झालं. ते म्हणाले, त्यात कोडं कसलं. आमच्याकडे पण मालाच्या सरकत्या पट्ट्यावर मुद्दाम एखादा खराब नग सोडतात, तपासणारा जागा आहे की नाही बघायला. पण तो कधी येणार, किती येणार, हे कुणाला सांगत नाहीत.

"तुम्ही रोज एकच ठेवता ना," ते म्हणाले. "मग तो सापडला की मुलं झोपणारच. माझी माणसंसुद्धा झोपतील."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मला तो चेहरा ओळखीचा होता, पार्सलवरच्या पत्त्याच्या दिवशीचा. त्या म्हणाल्या, हेच. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. आणि मग भर सभेत त्यांनी त्या गृहस्थांना विचारायला सुरुवात केली. दोन सोडता का? मुळीच नाही सोडला असंही होतं का? नाही सोडला त्या दिवशी माणसं चिडत नाहीत का? बाटलीवाले उत्तरं देत गेले. सुरुवातीला तुटक, मग हात हलवत. बाकीचे पालक एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे माना वळवत होते. एक आजी, नातवासाठी आलेल्या, शेजारणीला म्हणाल्या, भांडतायत की लग्न ठरवतायत?

अखेर सरांनी टेबलावर टिचकी मारली. निर्णय काय करायचा, त्यांनी विचारलं. काही पालक म्हणाले, राहू द्या बाईंना. काही म्हणाले, नको, कबूल केलं तरी चूक ती चूक. बाटलीवाले खाली बसले होते, ते बसूनच बोलले. मी अजून समाधानी नाही. सोमवारी रजा टाकतो आणि वर्गात बसतो. दिवस संपल्यावर सांगतो माझं मत. सर्वांना ते पटलं, कारण फोटो त्यांचाच होता. सरांनी लगेच जाहीर केलं, सोमवारनंतर निर्णय. ताई म्हणाल्या, या, फक्त मागचं बाक ठेंगणं आहे.

सोमवारी मी गेले तेव्हा ते माझ्या बाकावर बसलेले होते, गुडघे जवळजवळ हनुवटीला. मी बाजूला स्टूल ओढून घेतलं. वकीलीणबाई तिसऱ्या बाकावर कान लाल करून बसली होती. वडील वर्गात येणं हे तिला बहुधा बाटली विसरण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

ताईंनी मुलांना सांगितलं, आजपासून नियम बदलला. चोर किती ते मी सांगणार नाही. एक असेल, दोन असतील, कदाचित नसेलही. शेवटची घंटा होईपर्यंत शोधायचं. वर्गात असा आवाज झाला, जसा गोष्टीत राक्षस आल्यावर होतो.

मग मी जे बघितलं ते त्या बाकावर बसून कधीच बघितलं नव्हतं. एरवी एक चोर सापडला की फळ्याकडे पाठ. आज कुणी फळा सोडायला तयार नाही. तारखेवर शंका आली तर एकाला ऑफिसात कॅलेंडर बघून यायला पाठवलं. फळ्यावर लिहिलं होतं की खिडकीतल्या कुंडीत नऊ पानं आहेत, तर दोघी जाऊन पानं मोजून आल्या आणि तिसरीने त्यांचं मोजणं तपासलं. गणितं उलट बाजूने करून बघितली. ताई प्रत्येकाला एकच विचारत होत्या, कशावरून? ज्याला उत्तर नसायचं तो आपणहून हात खाली घ्यायचा.

मधमाशीला चार पंख असतात, असं एक वाक्य होतं. मुलं त्यावरून पुढे गेली. मी वाचन ऐकत होते, मुलगी अडली म्हणून थांबले होते, आणि सहज शेजारी बघितलं तर बाटलीवाल्यांचा हात डोक्यावर.

ताईंनी गंभीरपणे त्यांच्याकडे बोट केलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, मधमाशीला दोन पंख असतात. सगळा वर्ग वळून बघायला लागला. वकीलीणबाईने मान खाली घातली होती, ती हळूच वर केली.

"बाबा, कशावरून ते सांगावं लागतं," ती म्हणाली.

बाबांनी विचार केला. बघितलंय, ते म्हणाले. मुलांना ते पुरेसं वाटलं नाही. एकाने पुस्तक आणलं, चित्राचं पान उघडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. एका बाजूला मोठा पंख, त्याच्याखाली लहान, तसेच दुसऱ्या बाजूला. ते चित्र त्यांनी नीट बघितलं, कामावर एखादा नग बघत असतील तसं, अगदी डोळ्यांजवळ नेऊन. मग पुस्तक मिटलं, चार, असं म्हणाले आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. त्या वर्गात चुकलेल्याला हसत नाहीत, कारण प्रत्येकाची पाळी रोज येते. थोड्या वेळाने मी बघितलं, तर त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला होता आणि वरच्या ओळीपासून पुन्हा फळा वाचायला घेतला होता.

शेवटच्या घंटेआधी ताईंनी विचारलं, किती चोर? कुणी म्हणालं एक आहे, पण सापडत नाही. कुणी म्हणालं दोन. खिडकीशी बसणारी एक मुलगी आहे, तिला सगळे गोगलगाय म्हणतात. ती सगळ्यांत उशिरा लिहून संपवते आणि स्वतःही त्या नावाला ओ देते. तिने हात डोक्यावर न ठेवता नुसता वर केला. नाहीच आहे, ती म्हणाली. ताईंनी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, मी एकेक ओळ बघितली, कळली की वहीत तिच्यापुढे पेन्सिलने बारीक टिंब दिलं, आता टिंब नसलेली ओळच उरली नाही.

"खात्री?"

"खात्री."

नव्हताच, ताई म्हणाल्या. वर्गात निराशेचा आणि कौतुकाचा असा मिळून एक विचित्र आवाज झाला. वकीलीणबाई चक्क उठून गोगलगायीची वही बघायला गेली, टिंबं खरंच आहेत का ते.

मुलं बूट घालायला बाहेर आली. सर व्हरांड्यात उभेच होते, हातातली किल्ली या हातातून त्या हातात करत. बाटलीवाले बाकावरून उठताना गुडघा धरून उठले आणि लंगडतच बाहेर आले. ताई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आल्या, आणि मी बघत होते की आता तरी त्या थांबतील, ऐकतील. पण तेवढ्यात एका मुलाने दोन्ही बूट उलट्या पायांत घातलेले त्यांना दिसले आणि त्या त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या. बघ बरं, त्या त्याला म्हणाल्या, बोटं कुठे वाकतायत?

सरांनी दबक्या आवाजात विचारलं, काय ठरवलंत?

"वर्ग त्यांच्याकडेच राहू दे," बाटलीवाले म्हणाले. "ग्रुपवर मी लिहितो." मग त्यांनी सांगितलं की महिन्यातून एकदा त्यांना असं येऊन बसायचं आहे, हरकत नसेल तर. फक्त मागे एक नीट खुर्ची ठेवावी.

सरांनी हो म्हटलं, पुन्हा हो म्हटलं, आणि किल्ली खिशात टाकली. ताईंना त्यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मुलाने एक बूट काढून उलटा केला होता, दुसऱ्याकडे संशयाने बघत होता, आणि ताई हात मांडीवर ठेवून, अजिबात घाई न करता, त्याला कळायची वाट बघत होत्या.